फॉरमॅट करण्याआधी

पुणे, आषाढ वद्य पंचमी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

काल बाबांनी फोनवर संगणकाच्या पडद्यावरचे वाक्य वाचून दाखवले, ते मी लिहून घेतले: ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट करून, म्हणजे सारे पुसून, नवी विंडोज टाकून देतो, असे दुकानदाराने सांगितले असले तरी कृपया त्याला होकार देऊ नका. आजोबांच्या वेळचे, १९५६ पूर्वी बेळगावजवळचा आपला खानापूरचा भाग मुंबई राज्यात होता तेव्हाचे मराठी कागद बाबांनी दोन उन्हाळे बसून स्कॅन केले, त्यांतील निम्मे मूळ कागद पुढे वाळवीने खाल्ले. त्या प्रती आणि भजनी मंडळाचे टंकलेले अभंग केवळ त्या एकाच डिस्कवर आहेत. विंडोज पुन्हा टाकता येते. हे पुन्हा कोठून आणायचे?

त्या वाक्याचा अर्थ इतकाच की, ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे ती संगणकाला सापडली नाही. डिस्क खराब झाली असे त्यातून ठरत नाही. तारीख दर वेळी २००९ सालची दिसते, हे बाबांनी जाता जाता सांगितले, आणि मला तेच महत्त्वाचे वाटते. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, नाण्याएवढा, सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल असतो. प्लग काढलेला असताना घड्याळ आणि बायॉसमधील, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधील, नोंदी त्याच्यावर टिकतात. तो संपला की आधी कोणत्या डिस्ककडे पाहायचे हा क्रमही विस्कटू शकतो. खानापूरच्या पावसात विजा होऊ लागल्या की आई प्लग काढून ठेवते, म्हणून सारा भार त्या सेलवर येतो. आईची सवय योग्यच आहे, ती मोडू नये.

बाबा, प्रथम पेन ड्राइव्ह किंवा डीव्हीडी आत राहिली नाही ना, ते पाहा. नंतर प्लग काढून, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून मग सेल बदला. घड्याळाच्या दुकानात तो मिळेल, आणि अधिकचे चिन्ह वर ठेवायचे. डिस्कच्या दोन्ही केबल काढून पुन्हा घट्ट बसवा, कारण दमट हवेत टोकांवर गंज धरतो. मग संगणक सुरू करताच डिलीटची कळ पुन्हा पुन्हा दाबा आणि बूट विभागात हार्ड डिस्कचे नाव आहे का ते पाहा. असल्यास ते पहिल्या क्रमांकावर आणून, बदल जतन करायला एफ १० दाबा. यानंतर विंडोज सुरू होता होता निळा पडदा आला तर घाबरू नका. बायॉसमध्ये साटाची, म्हणजे डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीची, नोंद एएचसीआयऐवजी आयडीई या जुन्या पद्धतीची झाली असली तरी तसे होते, ते मी पाहीन.

मात्र डिस्कमधून टक् टक् असा ठरावीक आवाज आला, तर तत्क्षणी बंद करा आणि पुन्हा एकदाही सुरू करू नका. आतील मजकूर वाचणारे हेड निकामी होत असेल, तर प्रत्येक वेळी सुरू केल्याने वाचवता येण्याजोगा मजकूरही जाऊ शकतो. स्टार्टअप रिपेअर किंवा चेकडिस्क ही विंडोजची दुरुस्तीची साधनेही तोवर नकोत. आधी प्रती काढायच्या, दुरुस्ती नंतर.

मी शनिवारी पहाटे बेळगावला उतरून पहिल्या बसने खानापूरला येते. विंडोजशिवाय संगणक सुरू करता येईल असा लिनक्सचा पेन ड्राइव्ह आणि रिकामी बाहेरची डिस्क सोबत आणते आहे. डिस्कचे नाव दिसले की नाही, तेवढे शुक्रवारी रात्रीपूर्वी कळवा.

तुमची लेक