सूचना: जास्वंद, कढीपत्त्यावरची खवले कीड

सर्व सभासदांना नमस्कार.

घोडबंदर रोडच्या आपल्या इमारतींत बऱ्याच बाल्कन्यांतल्या जास्वंदीवर, कढीपत्त्यावर आणि लिंबावर खवले कीड दिसते आहे. देठावरचे तपकिरी, फुगीर ठिपके म्हणजे डाग नव्हेत. नखाने खरवडले की निघतात. पानं चिकट लागतात, त्यावर काळी बुरशी धरते, खोडावर मुंग्यांची रांग लागते. या मुंग्या गोड चिकट्यासाठी किडीची राखणच करतात, तेव्हा त्यांचाही बंदोबस्त करा.

नुसत्या फवारणीने भागत नाही, मोठ्या किडीला कवच असतं. आधी जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. फार भरलेली फांदी छाटून पिशवीत बांधून टाका, कृपया खाली फेकू नका. मग १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवसाबण घालून संध्याकाळी फवारा, पानांच्या मागूनसुद्धा. दर ७-८ दिवसांनी, निदान ३-४ वेळा. अंड्यांतून नवी पिल्लं निघत राहतात आणि त्या कोवळ्या वयातच ती फवारणीने मरतात.

फवारलेला कढीपत्ता काही दिवस फोडणीत घालू नका, नंतरही नीट धुऊनच घ्या.

रविवारी रोपांची अदलाबदल आहे. लागण झालेलं रोप कितीही लाडकं असलं तरी आणू नका, ही कळकळीची विनंती.