थंडीत आमिष मूठभरच टाका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली, की तलाव-धरणांच्या काठी गळ टाकून बसणाऱ्यांची एकच तक्रार सुरू होते : मासा लागत नाही. मासा तिथंच असतो; आमिष मात्र पावसाळ्यातलंच असतं.

पाणी गार झालं की माशाचं अंगही गार होतं आणि पचन मंदावतं. पाणी २० अंशांखाली गेलं, की रोहू-मृगळाची भूक बरीच कमी होते. चिलापी तर १६च्या आसपास खाणंच सोडते. अशा पाण्यात मासे जमवायला किलोभर पेंड ओतली, तर दोन घासांत माशाचं पोट भरतं आणि उरलेली पेंड तळाशी कुजते. सुपारीएवढे दोन-तीन गोळे पुरे. पुढचे मासा लागल्यावरच टाकावेत.

मोठी चूक होते ती तेलाची. थंडीत खोबरेलाची बाटली थिजते, तसंच गळाला लावायच्या कणकेतलं खोबरेल आणि तूपही थिजतं. गोळा कडक होतो, वास आतच कोंडतो. त्याऐवजी चमचाभर गूळ आणि दोन चिमटी हिंग कोमट पाण्यात विरघळवून त्या पाण्यानं १०० ग्रॅम कणीक आणि ५० ग्रॅम भाजलेलं बेसन पोळीच्या कणकेपेक्षा सैल मळावं. त्याच तलावाचं पाणी पेल्यात घेऊन वाटाण्याएवढी गोळी टाकून बघा. दहा मिनिटांत तिच्या कडा धुरकट सुटायला हव्यात. अर्ध्या तासानंतरही गोळी टणक राहिली, तर पाणी लावून पुन्हा मळा.

गळ ६ नंबरचा नको, त्याहून लहान म्हणजे १० किंवा १२चा घ्या. गांडुळाचा अर्धा इंच तुकडा पुरतो, शेपटीचं टोक हलतं ठेवावं. फ्लोट, म्हणजे दोरीवरची तरंगती खूण, बुडण्याची वाट बघू नका. थंडीत तो नुसता थरथरतो किंवा हळूच आडवा सरकतो, तेवढ्यावरच हात उचलायचा. पहाटे कुडकुडत बसण्यात अर्थ नाही, अकरा ते चार ही वेळ चांगली.

आणि उरलेली कणीक पिशवीसकट काठावर टाकू नका, ही कळकळीची विनंती.

आपण रोज हवेचं किमान तापमान आणि धरणांचा साठा छापता. त्याशेजारी पाण्याचंही तापमान द्यावं. हवा एका रात्रीत उतरते, धरणाचं पाणी उतरायला कित्येक दिवस लागतात. त्यामुळे हवेच्या आकड्यावरून अंदाज चुकतो. तोवर छोट्या उघड्या बाटलीत थर्मामीटर ठेवून, दगड बांधून गळाच्या खोलीवर दहा मिनिटं सोडावा. थर्मामीटरभोवती बाटलीतलं पाणी असतं, म्हणून वर काढेपर्यंत आकडा फारसा बदलत नाही.

– एक वाचक, नाशिक