ही तक्रार कोणाविरुद्ध आहे

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तक्रार नका करू. रात्रपाळीच्या सिस्टर बिचाऱ्या एकट्या किती धावत होत्या. सगळं त्यांच्याच अंगावर येईल." आजी शेजारच्याच खोलीत जागी होती, त्यामुळे मला मोकळेपणी बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. तक्रार मी करणार आहे. पण ती कोणाविरुद्ध आहे ते तुला नीट कळायला हवं.

रुग्णालयात झालेल्या आजीच्या ऑपरेशनबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. खुब्याचं हाड मोडलेलं, वय एवढं, तरी त्यांनी ते वेळेत आणि छान बसवलं. तक्रारीची सुरुवात मी त्यापासूनच केली आहे. आजीचं नुकसान झालं ते पुढे, वॉर्डात. कोणी चुकीचं इंजेक्शन दिलं नाही की कोणाच्या हातून काही भयंकर घडलं नाही. रोज करायच्या साध्या गोष्टी रोज राहून गेल्या, एवढंच.

टाचेचंच बघ. आता घरी जखमेचं ड्रेसिंग करायला येतात, त्यांनी मला दाखवलं. निरोगी कातडीवरच्या लालीवर बोटाने दाबलं की ती जागा क्षणभर पांढरी पडते आणि पुन्हा लाल होते. दाबूनही लालच राहिली, तर आतला रक्तपुरवठा बिघडायला लागलाय. बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, ती पहिली पायरी. तेव्हा लक्षात आलं तर पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवायची, दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, आणि बहुतेक वेळा जखम होतच नाही. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या टाचा आणि माकडहाड रोज बघायचंच असतं, हे वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आजीची टाच पहिल्यांदा बघितली गेली तेव्हा कातडी काळी पडली होती. बघितली कोणी, तर तुझ्या आत्याने, पाय पुसताना.

फाईलच्या प्रती मी मागून घेतल्या. त्यात कूस बदलल्याचा तक्ता आहे. सगळ्या चौकटी भरलेल्या, एकाच पेनाने, एकाच हाताच्या खुणा. दुपारी दोन वाजताही कूस बदलल्याची खूण आहे. मृण्मयी, त्या दिवशी दोन वाजता आजी स्ट्रेचरवर एक्स-रेच्या दाराबाहेर होती आणि मी तिचा हात धरून उभा होतो. ते पान मी कितीदा वाचलं असेन. खोटी खूण ही खोटीच, तिचं समर्थन मी करणार नाही. पण एका माणसाला एवढ्या खाटा दिल्या आणि पाळी संपताना सगळे तक्ते भरलेले हवेत असा दंडक घातला, तर तक्ते भरले जातात आणि टाचा बघायच्या राहतात.

दुसरी गोष्ट तिच्या भ्रमाची. तू आलीस तेव्हा ती बरीच सावरली होती. त्याआधी संध्याकाळ झाली की ती मला ओळखत नव्हती, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणायची, सलाईन ओढायची. सकाळी पुन्हा बरीचशी ठीक. राउंडला सांगितलं तर उत्तर आलं, "वय झालंय, असं होतंच." दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर. घरून निघेपर्यंत हिशोब तोंडी करणारी बाई चार दिवसांत म्हातारपणाने अशी होत नाही. अचानक सुरू होणारा, तासातासाला कमी-जास्त होणारा असा गोंधळ म्हणजे डिलिरियम, आणि त्याच्यामागे कारण असतं. लघवीचं किंवा छातीचं इन्फेक्शन, अंगातलं पाणी कमी होणं, दुखणं, बद्धकोष्ठ, एखादं झोपेचं औषध. ते शोधायचं असतं. शेवटी एका तरुण डॉक्टरबाईंनी लघवी तपासायला पाठवली आणि गरज संपूनही तशीच राहिलेली कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढायला लावली. औषध सुरू झालं आणि हळूहळू आपली आजी परत आली. तोवर तिचा चष्मा आणि कानाचं मशीन खाटेशेजारच्या खणात बंद होतं. दिसत नाही, ऐकू येत नाही, आजूबाजूला सगळी अनोळखी माणसं. कोणाचंही डोकं फिरेल. "वय झालंय" या दोन शब्दांनी पुढची सगळी विचारपूस थांबली, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

आता सिस्टरबद्दल. त्या एकट्या होत्या हे तू मला तक्रार न करण्याचं कारण म्हणून सांगितलंस. माझ्या मते तक्रार करण्याचं कारणच ते आहे. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की नर्समागे एकेक रुग्ण वाढतो, तशी ऑपरेशन झालेला रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे रात्रीच्या वॉर्डात किती सिस्टर ठेवायच्या हा नुसता पगारपत्रकातला आकडा नाही, तो उपचाराचाच भाग आहे. तो आकडा ठरवणारं माणूस त्या वॉर्डात रात्री कधी नसतं. तक्रार त्याच्या टेबलावर जायला हवी. सिस्टर स्वतः हे लिहून देऊ शकत नाहीत, त्यांची नोकरी आहे. आपण लिहू शकतो.

काका म्हणतात, सोड, आजी घरी आली ना, नशीब समज. घरी आली, हो. पण काठी घेऊन देवदर्शनाला जाणारी आजी आता टाचेमुळे पाय टेकत नाही, आणि पाय टेकत नाही म्हणून बसवलेल्या खुब्याचाही उपयोग होत नाही. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी रोज तेच सांगते. याला नशीब म्हणायला माझं मन तयार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे उपचार घेताना दर दहा रुग्णांपैकी साधारण एकाला इजा होते, आणि त्यातली निम्म्याहून अधिक टाळता येण्यासारखी असते. आजीची इजा त्या टाळता येण्यासारख्या निम्म्यातली आहे.

भरपाई मी मागितलेली नाही. त्या वॉर्डात प्रत्येक पाळीला किती सिस्टर होत्या आणि किती रुग्ण, हे लेखी मागितलं आहे. तक्त्याचं ते पान आणि एक्स-रेच्या नोंदीची वेळ शेजारी शेजारी जोडली आहे. आणि माणूस बिघडतंय असं घरच्यांना वाटलं आणि वॉर्डात कोणी ऐकलं नाही, तर त्यांनी थेट कोणाला बोलवायचं, हे प्रत्येक खाटेशेजारी लिहून लावा असं म्हटलं आहे. त्या डॉक्टरबाईंचं आणि रात्रपाळीच्या सिस्टरचं काम चांगलं होतं, हेही स्वतंत्र परिच्छेदात लिहिलंय. आजीला सगळं वाचून दाखवलं. मशीन कानात घालून तिने दोनदा ऐकलं आणि "वय झालंय" हे वाक्य जसंच्या तसं ठेव म्हणाली. सही तिचीच असेल.

मसुदा सोबत पाठवतोय. रविवारी संध्याकाळी मी औषधं आणायला खाली गेलो होतो आणि तू तिच्याजवळ होतीस. बोलावण्याची बेल खाटेमागे जमिनीवर पडलेली तूच पाहिलीस, पाण्याचा पेला कुठे होता तेही. एवढं तुझ्या शब्दांत लिहून दे. वेळ आठवत असेल तर घाल, आठवत नसेल तर अंदाजाने लिहू नकोस, जागा कोरी ठेव. शुक्रवारपर्यंत मिळालं तर सोमवारी देऊन येईन.

तुझा,
बाबा