तुम्ही ‘नाही’ म्हणालात त्याबद्दल

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, आणि खाली माझंही नसेल. का ते तुम्हाला माहीत आहे. वाचणाऱ्यांमध्येही कुणाकुणाला न सांगता कळेल, आणि त्यांच्यासाठीच हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. एरवी आभार समोर बसूनही मानता आले असते. तेही मला जमलं नाहीच. शेवटच्या भेटीत दारात उभी राहून नुसतं ‘बरं, येते’ म्हणाले आणि निघाले.

आम्ही आलो होतो ते नवरा-बायकोचं समुपदेशन हवं म्हणून. वेळ ह्यांनीच घेतली होती. ‘हिचा स्वभाव चिडचिडा झालाय,’ असं फोनवर सांगून. तुम्ही दोघांनाही आधी एकेकटं भेटलात. ‘माझ्याकडे पहिली भेट सगळ्यांची अशीच असते,’ इतक्या सहज म्हणालात की ह्यांना शंका घ्यायला जागाच उरली नाही. मी आत आले तर म्हणालात, ‘कुठे बसायचं ते तुम्ही ठरवा.’ खुर्च्या तीनच होत्या, पण मी चांगली मिनिटभर उभी राहिले. शेवटी दाराजवळची घेतली. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत, फक्त तुमची खुर्ची जरा मागे सरकवलीत, माझ्या आणि दाराच्या मधे येणार नाही अशी.

मग तुम्ही विचारलंत, ‘घरात तुम्ही एखाद्या गोष्टीला नाही म्हणालात, तर काय होतं?’

मारतात का, असं विचारलं असतंत तर मी ‘नाही हो’ म्हणून मोकळी झाले असते. या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तरच नव्हतं. नाही म्हटल्याला किती वर्षं झाली होती, तेच आठवेना.

त्या दिवशी तुम्ही आम्हाला दोघांना एकत्र बसवायला नकार दिलात, त्याबद्दल पहिले आभार. आणि तो नकार स्वतःच्या पद्धतीवर ढकललात, ‘मी आधी प्रत्येकाबरोबर स्वतंत्रच काम करते,’ म्हणून. माझ्या बोलण्यामुळे काही झालंय असं त्यांना वाटू दिलं नाहीत, त्याबद्दल दुसरे.

याची किंमत मला कळते, कारण त्याआधी एका ठिकाणी आम्हाला समोरासमोर बसवलं होतं. ‘इथे मनमोकळं बोला,’ म्हणाले होते. मी बोलले. परतताना गाडीत कोणी काही बोललं नाही. घरी पोचल्यावर मात्र झालं. तुम्ही पुढे समजावलंत की जोडप्याच्या समुपदेशनात दोघांना सारख्याच निर्धास्तपणे बोलता येतं, हे धरून चालावं लागतं. एकाला दुसऱ्याची भीती असेल तर खोलीत बोललेल्या खऱ्याची वसुली घरी होते. आणि ‘दोघांचंही थोडंथोडं चुकतं’ ही भाषा तिथे फार सोयीची पडते, अर्थातच मारणाऱ्याला.

तरी मी अडून बसले होते की हा छळ नव्हेच. एवढ्या वर्षांत हात तर तीनदाच उचललाय! तेव्हा तुम्ही तो चाकाचा कागद पुढे ठेवलात. अमेरिकेतल्या डुलुथ गावात १९८४ मध्ये, मार सोसलेल्या बायकांशी बोलून बनवलेलं ते चाक. मध्यभागी सत्ता आणि ताबा. आत आठ भाग : धाक, अपमान, माणसांपासून तोडणं, पैसा हातात न देणं, मुलांना हत्यार करणं, असे. शारीरिक आणि लैंगिक हिंसा आहे ती बाहेरच्या कडेला. तुम्ही पेन्सिल दिलीत आणि पाणी आणायला उठून गेलात. परत आलात तोवर मी सातांवर खूण केली होती. मग तुम्ही चाकाच्या कडेवरून बोट फिरवलंत. ‘चाकावर लोखंडी धाव एकदा बसवली की पुन्हा पुन्हा ठोकावी लागत नाही. आतलं सगळं तीच धरून ठेवते.’ तीनदा का पुरलं, ते मला तिथे कळलं.

पुढचा प्रश्न होता, गळा कधी दाबलाय का. ‘एकदा, पण थोडाच वेळ,’ म्हणाले, तेव्हा तुमचं पेन थांबलेलं मी पाहिलं. १९८० च्या दशकात जॅकलिन कॅम्पबेल या नर्सिंगमधल्या संशोधक बाईंनी, बाईच्या जिवाला किती धोका आहे हे जोखायची प्रश्नावली बनवली. आज तिच्यात हा प्रश्नही असतो, कारण गळा दाबणं ही पुढे जीव जाण्याची मोठी खूण मानली जाते. मी मात्र तीनांत ते धरलंच नव्हतं. वळ उठला नव्हता ना!

तुमचा राग आला तो ‘मी सोडू का त्यांना?’ या प्रश्नावर. ‘ते मी सांगणार नाही,’ म्हणालात. घरी जाऊन मनातल्या मनात तुम्हाला खूप बोलले. एवढं शिकून सवरून हो की नाही सांगता येत नाही? निघताना आणि निघाल्यानंतरचा काळ सगळ्यात धोक्याचा असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आणि एकाचा हुकूम सोडून दुसऱ्याचा घ्यायचा, एवढीच माझी झेप होती. तुम्ही हुकूम दिला नाहीत, तयारी करून घेतलीत. माझा फोन आणखी कोण उघडतं, कागदपत्रांच्या प्रती कुणाकडे ठेवायच्या, भांडण पेटलं तर कोणत्या खोलीत थांबायचं नाही, मुलाला कोणता शब्द ऐकला की शेजारी पळायचं हे कसं शिकवायचं. भेटीची आठवण करून देणारा एकही मेसेज तुम्ही कधी पाठवला नाहीत.

‘एकात्मिक समुपदेशन’ हा शब्द तुमच्या पाटीवर वाचला तेव्हा मला तो सरकारी योजनेसारखा वाटला होता. आता माझ्यापुरता अर्थ सांगते : तुमच्याकडे एकच किल्ली नव्हती. पहिले कित्येक महिने तुम्ही जुनं काही उकरलंच नाहीत, फक्त ऐकलंत, कार्ल रॉजर्स या मानसतज्ज्ञांच्या वळणाचं, मधे न तोडता. मग आरन बेक या मनोविकारतज्ज्ञांच्या पद्धतीचा तो तक्ता आला : मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा. मी लिहिलं, ‘मी मूर्ख आहे.’ त्यावर आपण दोन भेटी घालवल्या. मग लिहिलं, ‘उशीर झाला तर ते भडकतील.’ तुम्ही त्या ओळीवर हात ठेवलात आणि म्हणालात, ‘हा तक्त्यात नको. हा विचार चुकीचा नाही, हा तुमचा अनुभव आहे.’ पुस्तकाबरहुकूम चालणाऱ्या कुणी माझी तीही भीती खोडून दाखवली असती.

मग माझ्या आईला बोलावलंत. मोठ्या कागदावर तीन पिढ्या काढल्या, पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ, वैर असेल तिथे नागमोडी रेघ. आजी-आजोबांमधली रेघ आईनेच काढली. नंतर पेन्सिल तिच्या आणि बाबांच्या मधे आली, थोडी घुटमळली आणि नागमोडीच गेली. चाळीस वर्षांत आई यावर अवाक्षर बोलली नव्हती. बोलली त्या दिवशीही नाही. पेन्सिल खाली ठेवून तिने माझा हात धरला.

मुलाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते त्याचं आहे. सात वर्षांचा असताना तो संध्याकाळ झाली की सगळ्यांच्या चपला ओळीत लावायचा. मी कौतुक करायचे. त्याने आवाज केला म्हणून बाबा चिडतात असा त्याचा हिशेब होता, हे तुमच्याकडे चित्रं काढताना बाहेर आलं. हल्ली एक चप्पल दारात असते, दुसरी पलंगाखाली. मी उचलत नाही.

आणि ती माफी. एकदा तुम्ही गळ्याबद्दल पुन्हा विचारलंत आणि मी बधिर झाले, भिंतीकडे बघत राहिले. तुम्ही प्रश्न तिथेच सोडलात, पाय जमिनीवर टेकवायला लावलेत, दिसणाऱ्या पाच वस्तू मोजायला लावल्यात. पुढच्या भेटीत बसल्या बसल्या म्हणालात, ‘मागच्या वेळी मी घाई केली. चूक माझी होती.’ मी ‘पण’ची वाट बघत होते. आमच्या घरात माफीला ‘पण’ जोडूनच असायचं. तुमच्या माफीपुढे काहीच आलं नाही. बराच वेळ मला पुढचं बोलताच येईना.

शेवटच्या भेटीत तुम्ही विचारलंत, ‘पुढच्या महिन्यात एकदा भेटायचं का?’ मी म्हटलं, ‘नाही, आता नको.’ म्हणाले आणि सवयीने तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तुम्ही ‘बरं’ म्हणालात आणि वहीत त्या तारखेवर काट मारलीत.

तुमची,
दाराजवळच्या खुर्चीतली