ट्रकवाले दादा, तुमच्या दहा बोटांसाठी

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. ट्रकचा नंबरही पाहिला नाही. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल, या आशेवर.

त्या दिवशी सकाळपासून नुसती काहिली होती, झाडाचं पान हलत नव्हतं. वळीव येणार हे दिसतच होतं, पण तो असा अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. आधी गार वाऱ्याचा झोत आला, पाठोपाठ धुरळा, आणि चालती गाडी एका अंगाला ढकलली गेली. मग टपोरे थेंब आणि लगेच गारा. टपावर कुणी खडी ओततंय असा आवाज. त्यातच वायपर बंद पडला आणि समोरचं दिसेनासं झालं. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत कशीबशी गाडी घेतली. मागच्या सीटवर माझी सहा वर्षांची लेक दोन्ही कान दाबून किंचाळत होती.

रस्त्यात गाडी अडली की मदत पाठवणाऱ्या कंपनीला मी फोन केला होता, दादा. वर्षभराचे पैसे आगाऊ घेताना ज्यांच्या बोलण्यात साखर होती, ते म्हणाले, "पाऊस थांबला की बघू," आणि फोन ठेवला. किती गाड्या शेजारून गेल्या! एकाने तर थांबल्यासारखं केलं, काचेतून आमच्याकडे पाहिलं आणि निघून गेला. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

शेवटी लेकीला उचलून समोरच्या झाडाखाली पळायचं मी ठरवलं. दाराला हात घातला आणि तुमचा ट्रक आला. वारा ज्या अंगाने येत होता, नेमका त्याच बाजूला तुम्ही तो आडवा धरलात. गारांचा मारा निम्म्यावर आला. काच चार बोटं खाली करून तुम्ही ओरडलात, "ताई, उतरू नका! झाडाखाली तर मुळीच नको. काचा लावून बसा, पत्र्याला हात लावू नका."

रबरी टायरमुळे गाडीत वीज लागत नाही, अशी माझी समजूत होती. नंतर वाचलं, तेव्हा कळलं की वाचवतो तो पत्रा. वीज पडलीच तर ती बाहेरच्या बाहेर जमिनीत उतरते. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये धातूने मढवलेली खोली बांधून हेच दाखवलं होतं. तुम्हाला फॅरेडे ठाऊक असो-नसो, त्या क्षणी माझ्या लेकीला झाडाखाली जाण्यापासून तुम्ही अडवलंत.

पण हे पत्र त्यासाठीही नाही. ते तुमच्या बोटांसाठी आहे.

वीज चमकली की तुम्ही वरच्या केबिनमधून हात काचेला लावायचात आणि दर सेकंदाला एक, असं सावकाश एकेक बोट उघडायचात. गडगडाट झाला की थांबायचात. पहिल्यांदा एकही बोट उघडलं नाही. मग दोन. मग पुन्हा एक. लेक रडता रडता तुमच्याकडे बघायला लागली. आणि स्वतः मोजायचं म्हणून तिने कानांवरचे हात काढले! दादा, त्या दहा मिनिटांत मला जे जमलं नव्हतं, ते तुम्ही दोन काचांपलीकडून केलंत. तीन बोटं झाली, म्हणजे आवाज पोचायला तीन सेकंद लागले, वीज किलोमीटरभर लांब गेली. पाच. नऊ. दहाही बोटं संपली तेव्हा तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीत आणि ती चक्क हसली.

पाऊस उघडल्यावरही तुम्ही लगेच सोडलं नाहीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबवलंत, मग पुढे राहून, पाणी साचलेलं टाळत आम्हाला घरच्या वळणापर्यंत आणलंत. तुम्हालाही माल वेळेवर पोचवायचा असणार. उशिराबद्दल कुणाचं ऐकून घ्यावं लागलं असणार. ते तुम्ही एका शब्दाने जाणवू दिलं नाहीत. अशी माणसं रस्त्यावर आहेत म्हणून बाईमाणूस लेकराला घेऊन घराबाहेर पडू शकतं. मी हात जोडेपर्यंत तुम्ही एकदा हॉर्न वाजवून निघूनही गेलात.

परवा रात्री पुन्हा गडगडलं. लेक अंथरुणात उठून बसली, अंधारात एकेक बोट उघडत गेली. "आई, अकरा," म्हणाली आणि कुशीवर वळून झोपली.

तुमची,
बंद पडलेल्या वायपरवाली ताई