नाना, तुमच्या ‘क’च्या पट्टीसाठी

तीर्थस्वरूप नानांस,
शि. सा. न. वि. वि.

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झाला, भाषणं झाली. तुम्ही पुस्तकं किती जपलीत, वाळवी कशी रोखलीत, वाचनालयाचा सरकारी दर्जा कसा टिकवलात, सगळं बोलून झालं. संतांवरच्या कादंबऱ्या कशा वाचायच्या हे तुम्ही शनिवारच्या वाचन-बैठकीत तापीकाठच्या वाचकांना शिकवलंत, ते मात्र राहून गेलं. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. इतर गावच्या ग्रंथपालांनी पद्धत उचलली तर तुम्हाला आवडेलच.

आपल्याकडे संत पुस्तकातून भेटत नाहीत, आधीपासून ओळखीचे असतात. मुक्ताई कोथळी-मेहूणला आहे, चांगदेव तापी-पूर्णेच्या संगमावर, अमळनेरला सखाराम महाराजांचा रथ वैशाखात निघतोच. त्यामुळे इथला वाचक कादंबरी उघडतो तो घरच्या माणसाबद्दल बाहेरच्याने काय लिहिलंय ते बघायला. पोथीपुढे माणूस आंघोळ करून, सावरून बसतो. कादंबरी जेवणानंतर, खाटेवर आडवं पडून वाचली जाते. तुम्ही म्हणायचात तेच खरं: पोथीला माणूस सावध असतो, कादंबरीला सैल, म्हणून कादंबरी खोल शिरते.

घोळही तिथेच होतो. कादंबरीकाराने मुक्ताईच्या तोंडी घातलेलं वाक्य महिनाभरात भजनाच्या बैठकीत मुक्ताईचं म्हणून फिरतं, मग फलकावर चढतं. पुढे कोणी गाथा धुंडाळून सांगतो की हे कुठेच नाही. मग एक वाचक चिडून वाक्यालाच घट्ट धरतो आणि दुसरा म्हणतो, हे बनवलेलं तर बाकीचंही बनवलेलंच असेल. दुसऱ्याचं नुकसान मोठं, कारण तो नुसती कादंबरी टाकत नाही, आजीने सांगितलेलंही टाकतो.

यावर तुम्ही काढलेला उपाय म्हणजे कागदाची पट्टी. जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या बाजूतून इंचभर रुंद आणि पानाएवढी लांब पट्टी कापायची, पानाच्या कडेला लावून धरायची आणि परिच्छेदासमोर पेन्सिलीने एकच अक्षर लिहायचं. ‘अ’ म्हणजे अभंग किंवा ओवी, संताच्या नावावर गाथेत असलेली. ‘आ’ म्हणजे आख्यायिका, परंपरेने सांगत आलेली. ‘क’ म्हणजे कादंबरीकाराची कल्पना. पुस्तकावर रेघ ओढायची नाही, डिंक नाही, टाचणी तर नाहीच, ती गंजते आणि पान खाते. (नाना, हा शेवटचा नियम श्रद्धेचा नसून ग्रंथपालाचा आहे, हे सगळ्यांना कळत होतं.)

चांगदेवाचंच प्रकरण घ्या. ‘चांगदेव पासष्टी’तल्या ६५ ओव्या ‘अ’. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं, आणि चौदाशे वर्षं जगूनही हा कोराच राहिला असं मुक्ताई म्हणाली, हे ‘आ’. पत्र लिहायला बसल्यावर मायना ‘चिरंजीव’ घालावा की ‘तीर्थरूप’ या पेचात चांगदेव अडकले, तेही ‘आ’. पण त्या रात्री दिवा फडफडत होता आणि म्हाताऱ्याचा हात थरथरत होता, हे ‘क’. सुरुवातीला वाचक हाच थरथरणारा हात ‘आ’मध्ये टाकतात, कारण तो इतका नेमका दिसतो. नेमकेपणा हा पुरावा नव्हे, ते कादंबरीकाराचं कसब, हे तुम्ही रागावून न सांगता पट्टी पुढे सरकवून सांगायचात.

‘अ’ ठरवायला गाथा लागते, आणि तिथे नवखा माणूस हमखास फसतो. अभंगाचा क्रमांक घेऊन शोधायला गेलं की सापडत नाही, कारण प्रत्येक आवृत्तीत क्रमांक निराळे. पहिली ओळ धरायची आणि मागची अकारविल्हे सूची उघडायची. मग नाममुद्रा, म्हणजे अभंगात आलेली कवीच्या नावाची खूण, बघायची. ज्ञानेश्वरांच्या अभंगांत ‘बापरखुमादेविवरु’ येतं. नुसतं ‘नामा’ दिसलं म्हणून ते पंढरीचे नामदेवच असं नाही, पुढच्या काळातले विष्णुदास नामाही त्या नावाने लिहून गेलेत. कादंबरीत अभंग मोडून गद्यात घातला असेल तर पट्टीवर ‘अ’ लिहून त्याखाली छोटा ‘क’, कारण अर्थ संताचा असला तरी शब्द राहिलेले नाहीत.

मग प्रश्न यायचाच की कल्पनाच वाचायची तर देवाधर्माच्या नावाने कशाला? तुमचं उत्तर संतचरित्रकार महिपती. महिपतींनी ‘भक्तिविजय’ १७६२ मध्ये पुरा केला, आणि ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ची. मधे ४६६ वर्षं. एवढ्या अंतरावरून लिहिताना महिपतींनी संतांना बोलतं केलं, रडतं केलं, आणि लोकांनी त्याचं पारायण केलं. म्हणजे संतांची गोष्ट रंगवून सांगणं हा काही आजच्या छापखान्याचा उद्योग नाही. फरक एवढाच की महिपती आधीच्या संतचरित्रकारांचं ऋण उघडपणे सांगतात. आजची कादंबरी फार तर प्रस्तावनेत सांगते, आणि प्रस्तावना कोणी वाचत नाही. म्हणून बैठकीत पहिल्या दिवशी आधी प्रस्तावनाच मोठ्याने वाचायची, हा तुमचा नियम आम्ही अजून मोडलेला नाही.

सगळ्यात जास्त आभार मात्र खापराबद्दल, मांडे भाजायच्या मातीच्या भांड्याबद्दल, मानायचे आहेत.

मांड्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ. निवृत्तीनाथांना मांडे खावेसे वाटले, मुक्ताई कुंभारवाड्यात गेली, विसोबांनी तिला भांडं मिळू दिलं नाही, ज्ञानदेवांनी योगाने पाठ तापवली आणि तिने पाठीवर मांडे भाजले. शहरी कादंबरीत इथे तवा येतो, पोळपाट-लाटणं येतं. वाचकाला वाटतं, चमत्कार दाखवायचा म्हणून पाठ आणली. आपल्या बायांना तुम्ही फक्त विचारायचात, मांडे कशावर होतात? उत्तर तयार असायचं. पालथ्या खापरावर. गहू ओलवून दळायचे, पीठ वस्त्रगाळ करायचं, तेल-पाण्याने इतकं मळायचं की ताणलं तरी तुटू नये, पुरण भरून गोळा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर हलकेच सोडायचा. खाली लाकडाचा जाळ, एकदम मोठा केला तर नवं खापर तडकतं. आणि पालथं खापर कसं दिसतं? वाकून बसलेल्या माणसाच्या पाठीसारखं. घुमटाचा आकार तोच.

एवढं कळलं की प्रसंग हलतो. खापर नाकारलेल्या बहिणीपुढे भाऊ स्वतःच खापर होऊन वाकतो. हे कुठल्या टीकाग्रंथातलं नाही, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे करणाऱ्या हातांना आपोआप कळणारं आहे. पट्टीवर गोष्ट ‘आ’, कादंबरीतला तवा ‘क’ आणि तोही चुकीचा ‘क’. कल्पनेलाही चूक असू शकते, हे त्या एका तव्याने जितकं समजतं तितकं व्याख्यानाने समजत नाही.

ताटीच्या अभंगांचंही असंच. कादंबऱ्यांत मुक्ताई बंद दाराची कडी वाजवते. ताटी म्हणजे कडीकोयंड्याचं दार नव्हे, झापासारखा विणलेला आडोसा. पऱ्हाटीच्या (कापसाच्या काड्यांच्या) कुडाआडून बोलणाऱ्याला माहीत असतं की आवाज आरपार जातो आणि आतला माणूस हलला तर सावलीही दिसते. म्हणजे रुसलेल्या ज्ञानदेवांना बहिणीचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. न ऐकण्याची सोयच नव्हती. घरात अबोला धरलेल्या माणसापर्यंत हे पोचायला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इथून पुढे विश्वासाचं वाचन खाजगी आयुष्यात उतरतं, आणि इथेच बैठकी बिघडतात. कोणी हळवं होऊन घरातलं बोलून जातं, दुसऱ्या दिवशी ते गावभर होतं, तिसऱ्या शनिवारी ती जागा रिकामी दिसते. म्हणून तुम्ही चौथं अक्षर दिलंत, ‘मा’. माझं. जिथे वाचकाने स्वतःचं माणूस, स्वतःचं भांडण, स्वतःचं मरण भरलं, तिथे ‘मा’. ती पट्टी वेगळी, घडी करून घरी न्यायची, बैठकीत कोणी विचारायचं नाही. ‘अ’, ‘आ’, ‘क’ यांवर कडाकडा भांडा, ‘मा’वर चर्चा नाही.

वैशाख वद्य दशमी, शके १२१९, म्हणजे १२९७. वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली. तिचं वय कोणी १८ धरतं, कोणी २०, कारण जन्म १२७९ की १२७७ याच्या दोन परंपरा आहेत. कादंबरीकार त्यातली एक उचलतो, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. पण ज्या घरातली तरणी मुलगी गेलीय, तिथे हे प्रकरण साधं नसतं. तुमच्या सूचना आम्ही वहीत लिहून ठेवल्यात: हे प्रकरण बैठकीच्या शेवटी घ्यायचं नाही, मधे घ्यायचं. वाचून झाल्यावर लगेच प्रश्न नकोत. पाणी फिरवायचं, मग गाथेतला तिचाच एखादा अभंग म्हणायचा आणि पुढची १० पानं वाचूनच उठायचं, म्हणजे कोणी त्या विजेपाशी एकटं घरी जात नाही.

भारावून घेतलेल्या नेमांबद्दल तुम्ही जरा कडकच होतात, आणि बरं होतं. कादंबरी संपली की चार-दोन जण माळ घालायला निघतात. माळ आली की मटण-मासे बंद, दारू बंद, एकादशी आली, आणि एकाच घरात दोन चुली पेटायची वेळ येते. तुमचा सल्ला: आधी दोन एकादश्या, म्हणजे एक महिना, नुसता नेम पाळून बघा आणि घरात सांगून बघा, मग माळ. उपासाचं तर तुम्ही पहिल्याच बैठकीत विचारायचात की गोळ्या कोणाला चालू आहेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरायचा नाही, निर्जळी तर नाहीच. साखर उतरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणं असंबद्ध झालं तर शुद्धीवर असलेल्याला १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं. बेशुद्धाच्या तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. जळगावच्या वैशाखात हे संतचरित्राइतकंच महत्त्वाचं.

वेळापत्रकही तुमचंच चालू आहे. चातुर्मासात देवळात पोथी लागलेली असते, तिच्याशी स्पर्धा नको. नागपंचमीनंतर कानबाईचा उत्सव, दसऱ्यापासून कापूस वेचणी. म्हणून माघात सुरुवात आणि आखाजीच्या आत समाप्ती. २४० पानांचं पुस्तक, शनिवारी ३० पानं, आठ बैठका. प्रत एकच असली तरी ३० पानं मोठ्याने वाचायला तासभर पुरतो. संवाद आला की वाचणाऱ्याने आपल्या बोलीत म्हणायचा. छापलेला संत ‘मला’ म्हणतो, इथे तो ‘माले’ म्हणतो, आणि लगेच खाटेवर येऊन बसल्यासारखा वाटतो. काही कादंबऱ्यांतले संत निवृत्त मुख्याध्यापकासारखे बोलतात. त्यांना अहिराणी किंवा लेवा बोलीत आणलं की कुठलं वाक्य पोकळ आहे तेही कळतं, कारण ते बोलीत उतरतच नाही.

एक तक्रार करून पत्र संपवतो. पट्ट्यांचा पत्र्याचा डबा तुम्ही आमच्याकडे दिलात, पण गाथेच्या सूचीला तुम्ही स्वतः लावलेल्या खुणांची वही घरी नेलीत. या माघात मुक्ताईवरचीच कादंबरी घेतोय, ती वही लागेल. शनिवारी सहाला या. आखाजीच्या आधीच खापर चढवायचं ठरलंय, जाळ धरायला जाणतं माणूस हवं.

आपली,
शनिवारच्या बैठकीतली मंडळी