माहेरच्या बाजूची वंशावळ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "मामाचा आजार माझ्या मुलांना होईल का?" हे फोनवर नीट सांगता येण्यासारखं नाही, समोर चित्र लागतं. म्हणून वेगळ्या कागदावर वंशावळ काढून सोबत पाठवते आहे. ती पुढ्यात ठेवून वाच.

चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. दोघांना जोडणारी आडवी रेघ लग्नाची, तिच्यातून खाली उतरणाऱ्या रेघा मुलांच्या. आजारी माणसाची खूण काळी भरायची, गेलेल्यावर तिरकी रेघ मारायची. तुझ्या गोलापाशी बाण आहे, कारण प्रश्न तुझा आहे. इतकी वर्षं बारावीच्या मुलांकडून ही चित्रं काढून घेतली, पण आपल्या घरची काढताना हात सावकाश चालला.

आधी मी माझ्या माहेरचा कुलवृत्तांत उघडला. त्यात मामा, म्हणजे माझा भाऊ, आहे. नाव, जन्मसाल, "अविवाहित, मृत्यू १९८३". बस्स. तुझ्या आजीची, म्हणजे माझ्या आईची, नोंद आहे ती तिच्या वडिलांच्या नावापुरती. तिच्या दोघी बहिणी, त्यांची मुलं, यांचा पत्ताच नाही. मुलगी दिल्या घरी गेली की तिची शाखा त्या पुस्तकात तिथेच संपते. आणि आपल्याला हवी असलेली माहिती नेमकी त्याच शाखांमध्ये आहे.

मामाला हिमोफिलिया होता. रक्त गोठायला जे घटक लागतात, त्यांतला आठव्या क्रमांकाचा त्याच्या शरीरात जवळजवळ तयारच होत नव्हता. पडायला-झडायला लागायचं नाही, वाड्याचा जिना चढला तरी रात्री गुडघ्यात रक्त साचायचं. गुडघा टच्च फुगायचा, कातडी चकाकायची, हात लावला की गरम. पाय सरळ होत नसे. आजी गुडघ्याखाली उशी देऊन रात्रभर बर्फाची पिशवी धरून बसायची. तेव्हा उपाय म्हणजे रुग्णालयात जाऊन प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) नाहीतर क्रायो (प्लाझ्मातून काढलेला, हा घटक जास्त असलेला भाग) चढवून घ्यायचं, तेही मिळालं तर. शेवटी दाढ काढल्याचं निमित्त झालं. वाड्यातल्या बायका आजीच्या तोंडावर म्हणायच्या, "हिच्या माहेरचं आहे हे." ती ऐकून घ्यायची. मला आजही त्याचा राग येतो, कारण यात कोणाचाही दोष नसतो.

या घटकाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. बाईचं एक जनुक बिघडलेलं असलं तरी दुसरं बहुतेक वेळा काम भागवतं. अशा बाईला वाहक म्हणतात. पुरुषाकडे दुसरं नसतंच. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही निम्मी. बाप मुलाला वाय देतो, म्हणून बापाचा हिमोफिलिया मुलाकडे जात नाही, मुली मात्र सगळ्या वाहक होतात. व्हिक्टोरिया राणीच्या घराण्यात हेच दिसतं. तिच्या लेकीकडून नातीकडे आणि नातीकडून रशियाच्या झारचा मुलगा अलेक्सी याच्याकडे आजार गेला. नुसती राजांची यादी वाचली तर हा प्रवास कळणारच नाही.

आता आपला कागद बघ. एकटा मामा आजारी असता, तर आजी वाहक होतीच असं म्हणता आलं नसतं. साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कोणालाच आजार नसतो, बिघाड नव्याने झालेला असतो. पण माझ्या मावशीचा, म्हणजे आजीच्या बहिणीचा मुलगा, तुझा कोथरूडचा मामा, त्यालाही तोच आजार आहे. दोघी बहिणींचे मुलगे आजारी, म्हणजे दोघी वाहक. पणजोबांना कधी असा त्रास नव्हता, ऐंशी पार करून गेले. म्हणजे हे पणजीकडून आलं.

मी वाहक असण्याची शक्यता निम्मी, पण तुझा दादा धडधाकट आहे आणि हिशोबात ते धरावं लागतं. माझ्यासारख्या चार बायका घे, दोन वाहक, दोन नाहीत. प्रत्येकीला एक मुलगा. ज्या वाहक नाहीत त्यांचे दोन्ही मुलगे निरोगी, वाहक असलेल्यांपैकी सरासरी एकीचाच. निरोगी मुलाच्या आया उरल्या तीन, त्यांत वाहक एक. म्हणून माझी शक्यता एक तृतीयांश, आणि तुझी तिच्या निम्मी, एक षष्ठांश.

हा अंदाजही तसाच ठेवायचा नाही. रक्तातल्या घटकाचं प्रमाण चांगलं आलं म्हणजे बाई वाहक नाही, असं ठरत नाही. जनुकच तपासावं लागतं, आणि आधी आजारी माणसाचं. कोथरूडच्या मामाने रक्त दिलं, त्याच्यातला बिघाड सापडला. आता तेवढाच माझ्यात शोधायचाय, गेल्या आठवड्यात मी नमुना दिला. माझ्यात नसला तर तुला तपासणीची गरजच नाही. असला तर तुझं रक्त घेऊ. पुढे दिवस राहिल्यावर करायच्या तपासण्या असतात, आणि असल्या आजारासाठी त्या १९९४ च्या गर्भलिंगनिदान कायद्यातही बसतात. शिवाय आजचे उपचार मामाच्या वेळचे नाहीत. कोथरूडचा मामा घरीच इंजेक्शन घेतो आणि रोज स्कूटरवरून कामाला जातो.

दुसरी गोष्ट तुम्हा दोघांची. होणारे जावईबुवा पिंपरीचे सिंधी, आणि सिंधी समाजात थॅलेसेमियाचे, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आजाराचे, वाहक जास्त आढळतात. हा आजार एक्सवरचा नाही, इथे आई आणि बाप दोघंही वाहक असले तरच मूल आजारी होऊ शकतं, दर खेपेला एक चतुर्थांश. वाहक माणूस ठणठणीत असतो, फार तर थोडा फिकट. म्हणून दोघांनीही लग्नाआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचबी-ए-टू (हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराचं प्रमाण) या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. आपल्यातही वाहक असतात, तेव्हा तू सुटलीस असं समजू नकोस.

बाबांच्या घरातल्या सहाव्या बोटाची काळजी नको. आजोबा, काका, चुलतबहीण, दर पिढीत कोणी ना कोणी, आणि आजोबांकडून काकांकडे गेलं, म्हणजे एक्सवरचं नक्कीच नाही. एका पालकाकडून आलं तरी पुरतं, इतकंच. मधुमेह मात्र अशा चित्रात बसवू नकोस, त्यात अनेक जनुकं आणि खाणंपिणं दोन्ही येतं.

कागदावर एक गोल मी रिकामा ठेवलाय, बघ. आजीची धाकटी बहीण, बेळगावला दिली होती. तीही वाहक असण्याची शक्यता निम्मी. तिला मुली होत्या, त्यांना आता नातवंडं असतील, आणि त्यांच्यापैकी कोणाला मामाबद्दल ठाऊक असेल असं वाटत नाही. कोथरूडच्या मामाकडे त्यांचा जुना पत्ता आहे. रविवारी तू येशील तेव्हा आधी त्याच्याकडे जाऊ आणि तिथूनच बेळगावला फोन लावू.

तुझी,
आई